अठ्ठावन्न दिवस आणि सोळा तास

रात्री जेवणं झाली की अंगणात येऊन एकदा वर बघा. तुम्ही शहापुरात असा, किन्हवलीत असा, मुरबाडला असा नाहीतर टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या पायथ्याशी. थोड्या थोड्या वेळाने दिवे मिचकावत एखादं विमान जाताना दिसेल. कुठलं तरी मुंबईला उतरायला निघालेलं, कुठलं तिथून नुकतंच उडालेलं. लहानपणी आपण सगळ्यांनीच त्यांना टाटा केलाय. आता हातात मोबाइल असतो. ॲप उघडलं की विमान कुठून आलं, कुठे चाललंय तेही कळतं. मग कट्ट्यावरचा कुणीतरी विचारतोच, की अमेरिकेला जायला किती तास लागत असतील?

उत्तर सोपं आहे. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमान मिळालं तर पंधरा-सोळा तास. संध्याकाळी घरून निघालात, तर दुसऱ्या दिवशी तिथल्या सकाळी नाश्त्याला न्यूयॉर्कमध्ये.

पण आज गोष्ट सांगायची आहे ती याच वाटेने खूप आधी गेलेल्या एका मुलीची. ती फार लांबची नाही. तुमच्या-माझ्या घरचे लग्नाचा बस्ता बांधायला ज्या कल्याणला जातात, त्या कल्याणची. तिला न्यूयॉर्क गाठायला अठ्ठावन्न दिवस लागले. तेव्हा तिला अठरावं वर्ष पूर्ण होऊन जेमतेम एक आठवडा झाला होता. तिचं नाव आनंदी गोपाळ जोशी.

नाव माहीत आहे, असं म्हणाल. शाळेत धडा होता, २०१९ मध्ये सिनेमाही आला. पण तिच्या आयुष्याकडे एकदा अंतराच्या हिशेबाने बघा. किती लांब, किती वेळ आणि कशासाठी, या तीन प्रश्नांनी बघा. तीच गोष्ट जरा वेगळी दिसते.

कल्याणची यमुना

तिचं माहेरचं नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. एके काळी जमीनजुमला असलेलं, पण पुढे ओढगस्तीला आलेलं घराणं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कसारा घाटातून इगतपुरीला रेल्वे सुरू झाली होती. कल्याणला गाडी त्याआधी अकरा वर्षं, म्हणजे १८५४ मध्येच पोचली होती. आज आसनगावहून तुम्ही ज्या रुळांवरून कॉलेजला जाता, ती लाइन तिच्या जन्माआधीची आहे. म्हणजे बाहेर जग जोरात जवळ येत होतं, आणि घरातल्या मुलीला मात्र उंबऱ्याबाहेर जायची मुभा नव्हती.

नऊ वर्षांची असताना तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे, पोस्टात नोकरीला. तिच्याहून वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर. आज असं लग्न गुन्हा ठरेल. तेव्हा तीच रीत होती. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हा माणूस विचित्र होता, हे मान्य करूनच पुढे जाऊ. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी समाजाशी भांडायला ते तयार होते. पण अभ्यास झाला नाही म्हणून त्याच बायकोवर हातही उचलायचे. तिला जगाचं दार उघडून देणारा आणि तिला धाकात ठेवणारा माणूस एकच होता. आनंदीच्या यशाचं सगळं श्रेय त्यांना देणारे लोक आहेत आणि त्यांना फक्त दोष देणारेही आहेत. दोन्ही अर्धवट आहे.

दहा दिवस

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट उपचार मिळाले नाहीत.

इथे जरा थांबा. कल्याण हे काही आडरानातलं गाव नव्हतं. रेल्वे होती, पोस्ट होतं, मुंबई हाकेच्या अंतरावर होती. तरी त्या बाळापर्यंत, त्या बाळंतिणीपर्यंत डॉक्टर पोचला नाही. कारण ते अंतर मैलांचं नव्हतंच. पुरुष डॉक्टरला बाईने दाखवायचं नाही, आणि बाई डॉक्टर तर कुठे नव्हतीच. सुईण आणि घरगुती औषध, त्यापुढे सगळं दैवावर. घराघरातल्या बायका अशाच मरत होत्या, बाळंही मरत होती.

आनंदीने डॉक्टर व्हायचं ठरवलं ते या दहा दिवसांमुळे. पुढे जे काही घडलं, त्याची सुरुवात इथे आहे.

आधी पत्र गेलं

गोपाळराव पोस्टातले, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि मग थेट कलकत्ता. प्रत्येक ठिकाणी आनंदीचं शिक्षण चालू, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांच्या नजरा. हातात पुस्तकं घेऊन रस्त्याने चालणारी बाई ही टिंगलीची गोष्ट होती.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, की बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत होईल का? मदत हवी असेल तर ख्रिस्ती व्हा, अशी अपेक्षा समोरून आली. ती दोघांनाही मंजूर नव्हती. पण वाइल्डरने तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. तो अंक अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला. कुठे, तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या असताना. वाचून त्यांनी आनंदीला पत्र पाठवलं.

मग तीन वर्षं पत्रं चालली. एक पत्र पोचायला महिना, उत्तर यायला महिना. आज मेसेजवर दोन निळ्या टिक दिसल्या आणि पाच मिनिटांत उत्तर आलं नाही, तर आपला जीव खालीवर होतो. या दोघी दोन-दोन महिने थांबून एकमेकींना ओळखत गेल्या. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. अमेरिका नावाच्या अनोळखी देशात तिचं एक माणूस तयार झालं ते असं, प्रवासाच्या आधीच.

अठ्ठावन्न दिवस

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानायचा तो काळ. त्यातून बाई एकटी जाणार, नवरा मागे राहणार! लोकांनी काय काय बोलायचं ठेवलं असेल? २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदी भाषणाला उभी राहिली. आपण का जातोय, हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हे तिने भरसभेत सांगितलं. सतरा वर्षांची मुलगी, आणि तेही इंग्रजीत.

तिकिटाच्या पैशांसाठी अंगावरच्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट सुटली. सोबतीला ओळखीच्या मिशनरी बायका. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता, त्यामुळे इंग्लंडला जाणाऱ्या बोटींचा आफ्रिकेचा वळसा वाचला होता. तरी आधी इंग्लंड, तिथे बोट बदलायची आणि मग अटलांटिक. मांसाहार करायचा नाही असं ठरवलेलं, त्यामुळे जेवणाचे हाल. सोबतच्या बायकांना वाटायचं हिने ख्रिस्ती व्हावं. त्यांना नाही म्हणत राहायचं आणि त्यांच्याच सोबतीने राहायचं. अंगावर नऊवारी आणि बाहेर वाढत जाणारी थंडी.

४ जून १८८३ ला ती न्यूयॉर्कला उतरली. बंदरावर कार्पेंटरमावशी घ्यायला आल्या होत्या.

सोळा तासांचं गणित

आता आपल्या काळातला हिशेब मांडू. अठ्ठावन्न दिवस म्हणजे जवळपास चौदाशे तास. आजचं विमान सोळा तास घेतं. म्हणजे प्रवास सत्त्याऐंशी पट लवकर होतो.

हे सोळा तास येतात कुठून? नकाशा सपाट ठेवून बघितला तर वाटतं, न्यूयॉर्क पश्चिमेला आहे, म्हणजे विमान अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला जात असणार. तसं नसतं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर धाग्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि धागा ताणा. तो चक्क उत्तरेला चढतो, नॉर्वे-आइसलंडकडून जातो आणि मग खाली उतरतो. गोलावर सगळ्यात जवळचा रस्ता तो. १२,५०० किलोमीटर हे त्या धाग्याचं माप. प्रत्यक्षात विमानाला हवामान बघावं लागतं. कुठे युद्ध चालू असतं, कुठला देश आपलं आकाश बंद करतो, मग वळसा पडतो आणि तासभर वाढतो.

दुसरी गंमत वाऱ्याची. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून न्यूयॉर्कहून मुंबईला येणारं विमान बहुतेक वेळा तास-दीड तास लवकर पोचतं. रस्ता तोच, वेळ वेगळी. माळशेज घाट चढताना आणि उतरताना एसटीला लागणारा वेळ आठवा, तसंच काहीसं.

आणि तिसरी गंमत घड्याळाची. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. समजा मे महिन्यात रात्री एकला मुंबईहून निघालात आणि सोळा तास उडालात. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतील, तिथे मात्र सकाळचे साडेसात. तिकिटावरच्या वेळा बघितल्या तर वाटेल प्रवास साडेसहा तासांचाच झाला. पहिल्यांदा तिकीट काढणारे इथेच फसतात. तेव्हा हिशेब करताना दोन्ही शहरांची घड्याळं वेगळी धरा.

फिलाडेल्फिया

आनंदीला न्यूयॉर्कहून पुढे जायचं होतं फिलाडेल्फियाला. तिथे १८५० पासून फक्त स्त्रियांसाठी वैद्यकीय कॉलेज चालू होतं. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी तिचा अर्ज मंजूर केला, शिष्यवृत्तीही मिळाली. १८८३ च्या ऑक्टोबरमध्ये कॉलेज सुरू झालं.

तिथली १० ऑक्टोबर १८८५ ची एक छायाचित्रप्रत आजही बघायला मिळते. तीन मुली आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्यात. जपानची केई ओकामी किमोनोत, सिरियाची सबात इस्लामबुली तिच्याकडच्या वेशात आणि आपली आनंदी साडीत. तिघी तीन दिशांनी समुद्र ओलांडून आलेल्या, तिघींना आपापल्या देशातल्या बायकांची डॉक्टर व्हायचंय. मोबाइलवर शोधा आणि नीट बघा. कल्याणची मुलगी त्यात कुठेही बिचकलेली दिसत नाही.

पण त्या अंतराची किंमत तिचं शरीर मोजत होतं. कडाक्याची थंडी, राहायच्या खोलीतली धड न पेटणारी शेगडी आणि तिचा धूर, नीट जेवण नाही, आणि अभ्यासाचा डोंगर. तब्येत खालावत गेली. घरच्यांना कळवायचं म्हटलं तरी पत्र पोचेपर्यंत महिना उलटायचा. आज परदेशात शिकणाऱ्या मुलीला ताप आला तर आई व्हिडिओ कॉलवर काढा कसा करायचा ते सांगते. आनंदीला ते सुख नव्हतं.

११ मार्च १८८६ ला तिला एम. डी. ची पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या. परदेशात जाऊन डॉक्टर झालेली ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींनी इथेच राहून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं, हेही लक्षात ठेवा. दोघी दोन वाटांनी एकाच जागी पोचल्या. आनंदीने प्रबंधासाठी विषय घेतला होता तो हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्राचा. कल्याणच्या त्या दहा दिवसांना ती विसरली नव्हती.

परतीची वाट

कोल्हापूर संस्थानाने तिला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमलं. आज कोल्हापूरकर ज्याला सीपीआर म्हणतात, तेच हे हॉस्पिटल. नोकरी ठरली होती, खोली ठरली होती, रुग्ण वाट बघत होते.

१८८६ च्या अखेरीस ती मुंबईला उतरली तेव्हा क्षय बळावलेला होता. मोठं स्वागत झालं. ज्या समाजाने नावं ठेवली, तोच आता हार घेऊन उभा होता. पण ती कोल्हापूरला पोचलीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात तिने शेवटचा श्वास घेतला. बाविसावं वर्ष पूर्ण व्हायला महिना बाकी होता. एकाही रुग्णाला तिला आपल्या देशात डॉक्टर म्हणून तपासता आलं नाही.

तिची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला कार्पेंटरमावशींकडे पाठवली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. कल्याणच्या मुलीची समाधी आज हडसन नदीकाठच्या त्या गावात आहे. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही तिचं आडनाव दिलंय.

मग प्रश्न पडतो, एवढा आटापिटा करून मिळालं काय? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही कुणीतरी विचारतं. उत्तर आपापलं शोधा. माझं एवढंच म्हणणं, की तिच्यानंतर आपली मुलगी डॉक्टर होऊ शकते का, हा प्रश्नच संपला. उरले ते पैशांचे, सीटचे आणि घरच्यांच्या होकाराचे प्रश्न.

आपल्या घरापासूनचं अंतर

आणि अजून एक उरलंय. मुरबाडहून कल्याण साधारण तीस किलोमीटर. पूर्ण वेगातलं विमान हे अंतर दोन-अडीच मिनिटांत कापतं. आपल्याला एसटीने तास-सव्वा तास लागतो, तेही रस्ता मोकळा असेल तर. मुरबाडला रेल्वे अजून यायचीय. शहापूरकरांना निदान आसनगावची लोकल आहे.

पण डांबरी सडक सोडून आत चला. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आजही असे पाडे आहेत, जिथे पावसाळ्यात गाडी पोचत नाही. अडलेल्या बाईला बांबूला झोळी बांधून, चार जणांच्या खांद्यावर, चिखलातून नाहीतर ओढ्यातून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. १०८ नंबरची गाडी येते, पण रस्ता संपतो तिथे तीही थांबते. पुढे तालुक्याच्या दवाखान्यातून ठाण्याला नाहीतर उल्हासनगरला न्या म्हणून सांगितलं, की आणखी दोन तास. या बातम्या तुम्ही दर पावसाळ्यात वाचता. तुमच्यापैकी कुणी ती झोळी खांद्यावर घेतलीही असेल.

त्याच वेळी वरून न्यूयॉर्कला निघालेलं विमान जात असतं.

जगाचं अंतर चौदाशे तासांवरून सोळा तासांवर आलं. पाड्यापासून दवाखान्याचं अंतर त्या मानाने किती कमी झालं? आनंदीने अख्खं जग ओलांडलं ते याच छोट्या अंतरासाठी, बाळंतीण आणि डॉक्टर यांच्यातल्या. ते काम तिच्याकडून अर्धं राहिलं. ते आज पाड्यापाड्यावर पायी फिरणाऱ्या आशाताई करतात, उपकेंद्रातल्या नर्सबाई करतात. उद्या तुमच्यातलं कुणी करेल. नीटची तयारी करणारी एखादी, नर्सिंगला प्रवेश घेऊ का म्हणून घरी विषय काढायला घाबरणारी एखादी, किंवा पाड्याच्या रस्त्यासाठी ग्रामसभेत हात वर करणारा एखादा. हॉस्टेलला राहायला आई नाही म्हणतेय, असं कुणाचं असेल तर ही गोष्ट आईला वाचून दाखवा. ठाणे-पुणे काय, फिलाडेल्फियाच्या मानाने शेजारच आहे.

जाता जाता एक छोटं काम करा. आज एका कागदावर तुमच्या घरापासून बाळंतपण होऊ शकेल अशा जवळच्या दवाखान्यापर्यंतचं अंतर लिहा. शेजारी वेळ लिहा, पण दिवसाची नको. जुलै महिन्यातली, रात्री दोनची, पाऊस पडत असतानाची. मग तुमच्या पाड्यावरच्या, नाहीतर शेजारच्या पाड्यावरच्या मित्रालाही त्याचा आकडा विचारा. असे पाच-दहा आकडे जमले की कागद ग्रामसभेत घेऊन जा.